कॅन्टिलीव्हर सेन्सरने प्रोटीन खरंच ओळखता येतं का? एम.एस्सी. प्रोजेक्टला एकच पट्टी पुरेल का?

ओळखता येतं. पण एका पट्टीवर अजिबात भागत नाही. बडोद्यात एक अख्खा उन्हाळा घालवून मी हे शिकलोय.

कॅन्टिलीव्हर म्हणजे एका टोकाला घट्ट धरलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी पट्टी. आमची सिलिकॉनची पट्टी अर्धा मिलिमीटर लांब, १ मायक्रॉन जाड. वरच्या अंगाला सोनं, त्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रोटीनलाच पकडणारे रेणू. प्रोटीन येऊन बसलं की त्या बाजूचा ताण बदलतो आणि पट्टी काही नॅनोमीटर वाकते. वजनाने वाकते हे डोक्यातून काढा. वाक मोजायचा लेझरचा ठिपका किती सरकला त्यावरून.

मे महिन्यात आमचा ठिपका झकास सरकला. सर खूश, पेपरचं बोलणं सुरू. मला मात्र आलेख खटकत होता, दर बारा-पंधरा मिनिटांनी तो तसाच उचल खायचा. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर प्रोटीन न घालता नुसतं बफर (ज्यात प्रोटीन विरघळवतात ते क्षारांचं द्रावण) सोडलं. पट्टी तेवढीच वाकली! मग एसीचा कॉम्प्रेसर कधी लागतो, कधी थांबतो, त्या वेळा वहीत टिपत बसलो. प्रत्येक उचल जुळली. तापल्यावर सोनं सिलिकॉनच्या सुमारे पाचपट प्रसरण पावतं आणि पट्टी वाकते, म्हणजे अशी पट्टी आधी थर्मामीटर आणि मग सेन्सर.

सर म्हणाले, "सुरुवातीची रेघ वजा कर, झालं." रेघच हलते आहे, वजा काय करणार? शेजारी अँटिबॉडी नसलेली दुसरी पट्टी मागितली, म्हणजे तापमानाने दोन्ही सारख्या वाकतील आणि फरक उरेल तो प्रोटीनचा; तर खर्चाचं कारण आलं. २००० साली झ्युरिकच्या गटाने याच तंत्राने डीएनए ओळखला, तोही दोन पट्ट्यांमधला फरक मोजूनच. तो निबंध मी छापून सरांच्या टेबलावर ठेवला. पेपर तसाच गेला. माझं नाव मी काढून घेतलं. आजही मला त्याचा पस्तावा नाही.

एक सांगायचं राहिलं. २००१ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटचं पीएसए प्रोटीन मिलिलीटरला ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत पकडलं गेलं, पण रक्तात अल्ब्युमिन हे दुसरं प्रोटीन मिलिलीटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि ते कुठेही चिकटतं. पेशंटचा रिपोर्ट द्यायचा असेल तर एलायझा ही अँटिबॉडी वापरून होणारी लॅबमधली नेहमीची चाचणीच बरी.

प्रोजेक्टला मात्र हा विषय जरूर घ्या. दुसरी पट्टी अल्ब्युमिनने झाकून शेजारी ठेवा, गाइड नको म्हणाले तरी. पहिल्या दिवशी नुसतं बफर सोडा आणि तो आलेख तारीख घालून वहीत चिकटवा.