बुधवारच्या चार आज्या

प्रश्न : सप्रेम सलाम ताई. आमचं चर्च नगर जिल्ह्यातलं, मिशनच्या काळातलं, दगडी. रविवारी उपासनेला दीडशे माणूस असतं, नाताळला उभं राहायला जागा नसते, पण बुधवारच्या प्रार्थनासभेला मोजून चार आज्या आणि पाळकसाहेबांच्या मिसेस. कमिटीच्या इलेक्शनला मात्र झाडून सगळे हजर. जमिनीवरून दोन गट पडलेत, कोर्टात केस चालू आहे, सख्खे चुलतभाऊ एकमेकांना सलाम करत नाहीत आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि प्याला, दोघंही घेतात. तरुण पोरं शहरात एका हॉलमधल्या फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या प्रार्थनागटाला, जायला लागलीत. आता कमिटी म्हणते तीन दिवसांची रिव्हायव्हल मीटिंग घेऊ, बाहेरून मोठे वक्ते आणू, मंडप, साउंड, जेवण, खर्च भरपूर. ह्याने खरंच संजीवन, म्हणजे विश्वासाला नवी जाग, येईल का? का मी पण चर्च बदलू?

उत्तर : दादा, सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्या चुलतभावांपाशीच अडकले, कारण मला वाटतं सगळं तिथंच आहे. मंडपाला माझा विरोध नाही, चांगला वक्ता आला तर ऐकावं, पण संजीवन बुकिंग करून येत नाही हो.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. १९०५ साल. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तेव्हा दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरी, विधवा, टाकलेल्या बायका राहत होत्या. जानेवारीत बाईंनी विचारलं, संजीवनासाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसणार? सत्तर जणी पुढे आल्या. मग एकीचं बघून दुसरी असं करत जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या आणि त्या दिवसातून दोनदा बसायच्या. पाच-सहा महिने, रोज! जूनच्या शेवटी एक दिवस रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या आणि मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या, रडायला लागल्या, इतक्या की बाईंना बोलणं थांबवावं लागलं. ना स्टेज ना पाहुणे, आणि मुख्य बोलणाऱ्या बाईच गप्प झाल्या, मला ह्या गोष्टीतलं हेच सगळ्यात जास्त भिडतं.

लोकांना त्यातला आरडाओरडा, रडणं तेवढं लक्षात राहतं. पण त्या पोरी रडत होत्या त्या आपापली पापं कबूल करून, आणि पुढे त्यांच्यातल्याच टोळ्या करून आजूबाजूच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी त्या अंगणात कित्येक वर्षं भुकेल्यांना जेवू घालणं, शिकवणं, आजाऱ्यांची उस्तवार चालूच होती, ते नंतरही थांबलं नाही. म्हणजे आग पडली ती आधीच रचून ठेवलेल्या लाकडांवर.

आता तुमच्या चर्चमध्ये लाकडं कुठे आहेत? बुधवारी आहेत. त्या चार आज्यांजवळ. तुम्ही पत्रात 'मोजून चार' लिहिलंय, पण पाचवे तुम्ही होता का हे लिहिलं नाहीये. रागावू नका, मनापासून विचारते, कारण पुढच्या बुधवारी तुम्ही जाऊन बसलात तर मंडपाच्या आधीच काहीतरी सुरू झालेलं असेल.

आणि केसचं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सरळ सांगितलंय, वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपण काय करतो, अर्पण टाकतो, प्रभुभोजन घेतो आणि सोमवारी वकिलाकडे जातो! जमीन कोणाची हे कोर्ट ठरवेल, ठरवू द्या, पण बोलणं सुरू करायला निकालाची वाट बघावी लागत नाही. कमिटीतल्या दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन पाळकसाहेबांनी आधी त्या दोन घरी जावं, मीटिंगच्या तारखा नंतर. मीटिंगच्या खर्चातला अर्धा भाग चर्चमधल्या एखाद्या आजाऱ्याच्या औषधाला किंवा अडकलेल्या फीला द्यायचा ठराव झाला तर मला फार आनंद होईल.

चर्च बदलायचं म्हणाल तर हॉलमधल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. तिथं कोणीतरी पोरांना नावाने हाक मारतं, परीक्षा कधी आहे विचारतं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतं म्हणून ती जातात. तुमच्याकडे असं शेवटचं कोणी कधी केलं? तुम्ही निघून गेलात तर ते करणारा अजून एक माणूस कमी होईल, म्हणून सध्या थांबा असंच सांगेन.

प्रश्न : आम्ही वर्शिपमध्ये गिटार, ड्रम आणले तर जुनी मंडळी म्हणतात ह्याने पवित्र आत्मा विझतो, 'उपासना संगीत' ह्या जुन्या गीतांच्या पुस्तकातलंच गा. आम्हाला ती गाणी कळत नाहीत. काय करू?

उत्तर : बेटा, त्या पुस्तकात ज्यांची गाणी आहेत ते कवी ना. वा. टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले तेव्हा चर्चमध्ये बरीचशी परदेशी चालींवरची भाषांतरित गाणी चालायची. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, आपल्या मराठी वळणात आणलं, म्हणजे आज जुनं वाटतं ते एकेकाळी नवंच होतं. पुढे १९१७ ला मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ताच्या शिष्यांचा 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. एवढी तळमळ असलेल्या माणसाचे शब्द आहेत ते, न कळता सोडून देऊ नका. एखाद्या आजोबांच्या घरी जा, एक गाणं निवडा, ओळीओळीचा अर्थ विचारा, चाल त्यांच्याकडूनच शिका. मग ते गिटारवर वाजवा आणि त्या रविवारी आजोबांना पुढच्या बाकावर बसवा. ड्रमचा आवाज मात्र थोडा कमी ठेवा, शब्द ऐकू यायला हवेत.