कोविडच्या टाळेबंदीत समुद्राची जागतिक निरीक्षणं बंद पडली होती का?

नाही, पण थोडक्यात निभावलं.

मार्च २०२० नंतर बहुतेक देशांनी आपली संशोधन जहाजं बंदरात परत बोलावली. तरी आर्गो नावाच्या जाळ्यातून माहिती येतच राहिली, कारण ते चालवायला रोज माणूस लागत नाही. या जाळ्याचे सुमारे ४००० फ्लोट, म्हणजे आपोआप मोजमाप करणारी तरंगती यंत्रं, जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. प्रत्येक फ्लोट १००० मीटर खोलीवर वाहत राहतो. दर दहा दिवसांनी तो २००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान व क्षारता मोजतो. वर-खाली जाण्यासाठी तो पोटातलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकलतो किंवा परत आत घेतो, एवढंच! मग उपग्रहाला माहिती पाठवून पुन्हा बुडी. भारताचे फ्लोट हैदराबादची इन्कॉईस ही संस्था सांभाळते, आणि माहिती तपासण्याचं बरंचसं काम घरी बसून करता येतं.

खरी अडचण बॅटरीची. ती चार-पाच वर्षं टिकते, म्हणजे दरवर्षी शेकडो नवे फ्लोट सोडावेच लागतात, आणि त्यासाठी जहाज हवंच. एका जागी नांगरलेल्या बोयांचे (तरंगत्या निरीक्षण-यंत्रांचे) हाल जास्त झाले, कारण त्यांची देखभाल साधारण वर्षाला करावी लागते.

माझ्या मते सगळ्यात मोठा फटका समुद्राला नव्हे, हवेतल्या निरीक्षणांना बसला. प्रवासी विमानं उडता उडता वारा आणि तापमान नोंदवतात. उड्डाणंच थांबल्यावर त्या नोंदी कुठून येणार? काही देशांनी मग हवामानाचे जादा फुगे सोडून थोडी भरपाई केली.