पहिल्या मतदानाआधी शेखाडी आठव

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, माझं पहिलं मत देशाच्या सुरक्षेला." ऐकून ऊर भरून आला. पण सुरक्षा म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काश्मीरचं काटेरी कुंपण येतं आणि माझ्यासमोर आपल्याच श्रीवर्धन तालुक्यातलं शेखाडी. म्हणून हे पत्र.

फेब्रुवारी १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. रात्री माल उतरला, गाड्यांत भरला आणि मुंबईकडे निघाला. १२ मार्चला मुंबईत १२ ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयानं १०० जणांना दोषी ठरवलं. त्यांत पोलीस होते, कस्टमचे अधिकारीही होते. पैसे खाऊन त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. तेव्हापासून भ्रष्टाचार आणि सुरक्षा हे दोन वेगळे मुद्दे मला वाटतच नाहीत. दाखल्यासाठी चिरीमिरी घेणारा हात आणि आत काय आहे हे न बघता गाडी सोडणारा हात, सवय एकच. उमेदवार देशभक्तीवर बोलू लागला की त्याच्या आजूबाजूला वाळूचा आणि डिझेलचा धंदा करणारे कोण उभे आहेत, तेही बघ.

स्फोटांच्या आधीचे महिनेही ध्यानात ठेव. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० जीव गेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगानं केली आहे. त्यानं स्फोट घडवणाऱ्यांचं पाप तिळभरही कमी होत नाही. पण शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला की कट करणाऱ्याला माणसं मिळतात आणि पोलिसाला खबर मिळेनाशी होते. आपल्या किनाऱ्यावर कोळी आहेत, दालदी मुसलमान आहेत, समुद्र सगळ्यांचा एकच. अनोळखी होडी पहिली त्यांनाच दिसते. त्यांचा ठाण्यावर विश्वास असेल तर फोन येतो, नसेल तर माणूस मान खाली घालून जाळं विणत बसतो. एकजूट म्हणतात ती मी अशी मोजतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला तेच झालं. दहा जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते कोळ्यांनीच. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातातल्या काठीनिशी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. त्या शौर्यापुढे मी आजही नतमस्तक होतो. पण त्यांच्या हातात काठीच का होती, हा प्रश्न मतदारानं विचारायचा असतो, कारण ते हुतात्मा आता विचारू शकत नाहीत.

त्यानंतर गस्तीच्या नौका आल्या, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, 'सागर कवच' नावाचे किनारा-सुरक्षेचे सराव सुरू झाले. मी मात्र एका बंदरात अशी नौका पाहिली आहे, जी दोन पावसाळे दोरखंडाला बांधलेलीच होती. तळाला शेवाळ आणि कालवं धरलेली, इंजिनाच्या झाकणावर बगळे. तिच्यावरचा तरुण शिपाई मला म्हणाला, "मास्तर, सुटा भाग मंजूर आहे, आलेला नाही." तुझ्याकडे मत मागायला येईल त्याला या सुट्या भागाबद्दल विचार. किनाऱ्यावर पोलिसांची किती पदं रिकामी आहेत, तेही विचार. पाकिस्तानचं नाव घ्यायला कुणालाही जमतं, या प्रश्नांना मात्र अभ्यास लागतो.

तुला कुणी म्हणेल, संकटात प्रश्न विचारणं म्हणजे फूट पाडणं. त्याला १९६२ ची गोष्ट सांग. चीनशी युद्ध चालू असताना नोव्हेंबरात संसद भरली आणि तिथं सरकारला खडे बोल ऐकावे लागले. त्याआधीच स्वपक्षातूनही दबाव आला होता आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं होतं. तीच संसद १४ नोव्हेंबरला आक्रमकांना हुसकावण्याच्या ठरावावर एक झाली. मग यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपले वडीलधारे अजून अभिमानानं सांगतात. पुढच्या वर्षी नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, विरोधकांनी उमेदवारच दिला नाही. जाब विचारणारा आणि पाठीशी उभा राहणारा, देश तोच होता.

जवानांच्या फोटोंचं म्हणशील, तर २०१९ च्या निवडणुकीआधी निवडणूक आयोगानं सगळ्या पक्षांना बजावलं होतं की ते प्रचारात वापरू नका. जवान कुणा एका पक्षाचा नाही. धर्माच्या नावानं मत मागणं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरणच ठरतं. सभेत तसं काही ऐकलंस तर टाळ्या वाजवू नकोस.

कुणाला मत द्यायचं हे मी सांगणार नाही, तू विचारलंस तरीही नाही. मतदार यादीत नाव आहे ना, ते आजच बघून घे. आणि मतदानाच्या आदल्या दिवशीच गावी ये. संध्याकाळी होड्या परततात तेव्हा जेटीवर जाऊ. तिथं जाळी शिवत बसलेले दोघे-तिघे माझे जुने विद्यार्थी आहेत. रात्री अनोळखी होडी दिसली तर ते कुणाला फोन करतात आणि पलीकडून तो उचलला जातो का, हे तूच त्यांना विचार.

तुझा,
मास्तरकाका