८ कोटी ४० लाख डॉलर सोडले, हा हावरटपणा का?

प्रश्न : सर, डेक्कनला खेळून झालं की आमच्यात वाद ठरलेला. जर्मन बास्केटबॉल प्लेअर डेनिस श्रोडरने एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) लेकर्स टीमची ४ वर्षांची ८ कोटी ४० लाख डॉलरची ऑफर सोडली म्हणतात, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात बोस्टनच्या टीमकडे एका वर्षासाठी ५९ लाख डॉलरमध्ये गेला. मित्र म्हणतात हावरट होता. पण एवढ्या पटकन एखाद्याचा भाव इतका पडतो कसा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हावरट म्हटलेलं मला अजिबात पटत नाही रे. ऑफरचा आकडा बातम्यांमधला, तो बाजूला ठेव. सीझनला मार्केट यार्डात पहाटे गेलायस कधी? हापूसची पेटी तीच, वास तोच, पण आवक वाढली आणि गिऱ्हाईक आटलं की परवाचा भाव आज कोणी बोलत पण नाही. एनबीएत तर गिऱ्हाइकाच्या खिशालाच कुलूप असतं. त्या वर्षी सॅलरी कॅप, म्हणजे अख्ख्या टीमच्या पगाराला मिळून असलेली मर्यादा, साधारण ११ कोटी २४ लाख डॉलर होती, आणि जी टीम त्याच्या वर गेली तिला करार संपलेला बाहेरचा प्लेअर मोठ्या पगारावर थेट घेताच येत नाही, ठरवून दिलेल्या सवलतीत बसवावा लागतो, बोस्टनचे ५९ लाख म्हणजे तीच सवलत. स्वतःचा जुना प्लेअर मात्र कॅप ओलांडूनही ठेवता येतो, त्याला बर्ड राइट्स म्हणतात, लॅरी बर्डच्या नावावरून. म्हणजे बघ, श्रोडरला मोठी रक्कम द्यायची सोय मुख्यतः लेकर्सकडेच होती, आणि त्यांनी नेमकं त्याच उन्हाळ्यात त्याच्याच पोझिशनच्या रसेल वेस्टब्रुकला दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून आणलं. झालं, गिऱ्हाईकच गेलं.

त्याआधी लेकर्सच्या सन्स टीमविरुद्धच्या बाद फेरीच्या सीरिजमध्ये पाचव्या मॅचला त्याचा एकही पॉइंट नव्हता, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. सीझनभर मॅचमागे १५ च्या वर पॉइंट काढलेले, ते कोणाला आठवले नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

एजंट म्हणजे आपला अडत्याच, कमिशन जास्तीत जास्त ४ टक्के. माल कधी सोडायचा, कधी धरून ठेवायचा हा अंदाज त्याचा, पण चुकला तर नुकसान प्लेअरचं, आणि त्याचं करिअर असतं किती वर्षांचं! म्हणून मित्रांना सांग, सही करायच्या आधी आपला खेळ कसा चाललाय एवढंच बघून भागत नाही, पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या टीमकडे कॅपमध्ये जागा आहे आणि त्यांना आपल्या पोझिशनचा माणूस हवाय का, ते मोजावं लागतं.

खेळ त्याचा कुठेच गेला नव्हता. २०२३ ला जर्मनीने बास्केटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा स्पर्धेचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेअर, श्रोडरच होता.