जीआय बिलाला मुदत नाही, तुमच्या अर्जाला आहे

टेक्सासहून एका वाचकाचे पत्र आले आहे. मूळचे नाशिकचे, ग्रीन कार्डावर अमेरिकेत गेले आणि 2009 मध्ये तिथल्या लष्करात भरती झाले. कंदाहारला वर्ष काढले आणि ऑक्टोबर 2013 मध्ये करार पुरा होण्याआधीच बाहेर पडले. आता त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करून माजी सैनिकांवर उपचार करायचे आहेत. एका खासगी विद्यापीठात प्रवेशही मिळाला आहे, पण जीआय बिलाचा, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या योजनेचा, अर्ज व्हीएने, म्हणजे तिथल्या माजी सैनिक खात्याने, फेटाळला. '2017 च्या कायद्याने मुदतच काढून टाकली, मग मला नकार का?' असे ते विचारतात. अशी पत्रे वरचेवर येतात, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देते.

मुदतीचे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. 1 जानेवारी 2013 पासून पुढे सेवेतून सुटलेल्यांना पोस्ट-नाइन-इलेव्हन (11 सप्टेंबर 2001 नंतरच्या सेवेसाठीचे) जीआय बिल कधीही वापरता येते. पण आधी हक्क असावा लागतो, आणि तुमचे घोडे तिथेच अडले आहे.

तुम्ही मला पाठवलेली डीडी-214, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, ही छोटी प्रत आहे. तिच्यात 23 ते 30 हे रकाने नसतातच. मोठी प्रत काढा आणि 24 वा रकाना बघा. नकारपत्रात लिहिलेले तेच तिथे असणार : जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स, म्हणजे ऑनरेबलच्या (सन्मानपूर्वक सेवामुक्तीच्या) एक पायरी खालचा डिस्चार्ज. या शेऱ्यावर व्हीएचे उपचार मिळतात, अपंगत्वाचा भत्ता मिळतो, तुम्हाला तो मिळतोही आहे. पण जीआय बिलासाठी अमेरिकी कायदेसंहितेच्या 38 व्या टायटलचे (भागाचे) 3311 कलम पूर्ण ऑनरेबल डिस्चार्ज मागते. जनरल तिथे चालत नाही.

'सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप सुधारतो असे ऐकले होते,' असे तुम्ही लिहिता. बराकीतल्या या अफवेने किती जणांची वर्षे खाल्ली असतील! काहीही आपोआप होत नाही. आणि नकार आल्यावरही आठ महिने तुम्ही व्हीएकडेच फेरविचार मागत राहिलात. व्हीएला तो शेरा बदलण्याचा अधिकार नाही. शेरा लष्कराने मारला, बदलेलही लष्करच. हे नकारपत्र नीट वाचले असते तरी कळले असते.

आता तारीख लक्षात ठेवा : ऑक्टोबर 2028. आर्मी डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे शेरा बदलण्यासाठी डीडी-293 हा अर्ज डिस्चार्जपासून 15 वर्षांच्या आतच करता येतो. शेवटच्या महिन्यात केला तरी तो मुदतीत असेल, पण तुम्ही एक संधी गमावाल. बोर्ड आधी नुसत्या कागदांवर निर्णय देते, आणि तो विरोधात गेला तर समक्ष सुनावणी मागता येते, तीही त्याच 15 वर्षांच्या आत. कागदांवरच्या निर्णयालाच वर्ष उलटून जाते. म्हणजे दोन्ही संधी हव्या असतील तर अर्ज या महिन्यात जायला हवा. 2028 नंतर उरते ते लष्कराचे रेकॉर्ड दुरुस्तीचे बोर्ड, डीडी-149 हा अर्ज घेऊन. तिथली मुदत तीन वर्षांची, ती माफ करायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर, आणि सुनावणी क्वचितच मिळते.

अर्जात काय लिहायचे? 'माझी सेवा चांगली होती, आता मी सुधारलो आहे' एवढ्याने भागणार नाही. फॉर्मेशनला (हजेरीच्या रांगेला) उशिरा पोहोचणे, दारू, वरिष्ठांशी वाद, हे सगळे कंदाहारहून परतल्यानंतरचे आहे आणि व्हीएनेच तुमचा पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार) सेवेमुळे झाल्याचे मान्य केले आहे. 25 ऑगस्ट 2017 च्या पेंटागॉनच्या (अमेरिकी संरक्षण खात्याच्या) मेमोनुसार अशा प्रकरणांकडे बोर्डाने उदार दृष्टीने पाहायचे असते. आजार सेवेत असताना होता का, त्या वर्तनाचे स्पष्टीकरण त्यातून मिळते का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचे पारडे जड आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. अर्ज या प्रश्नांच्या क्रमाने बांधा. व्हीएचा निर्णय, उपचारांची कागदपत्रे आणि सोबतच्या सैनिकांचे जबाब जोडा.

आणि आईचा जबाब जोडा. 2012 मध्ये तुम्ही रात्री-अपरात्री नाशिकला फोन करत होतात आणि बोलता बोलता गप्प होत होतात, हे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे. आईंनी ते मराठीतच, आठवेल तसे, सहीनिशी लिहावे. सोबत इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे सहीचे निवेदन असावे. शब्द आईंचेच राहू द्या, वकिली भाषा घालू नका.

निकाल तुमच्या बाजूने लागेलच असे मी म्हणणार नाही. म्हणून दुसरे दारही ठोठवा : व्हीएची पुनर्वसन योजना, चॅप्टर 31, अर्ज क्रमांक 28-1900. तिला जनरल डिस्चार्ज चालतो आणि तुमचे 50 टक्के अपंगत्वाचे रेटिंग पुरेसे आहे. डॉक्टरेटचा खर्च त्यातून मंजूर होऊ शकतो, पण ते बरेचसे समुपदेशकावर अवलंबून असते. गोदामातली सध्याची नोकरी या आजारात का झेपत नाही आणि मानसशास्त्रज्ञाचे काम का झेपेल, हे त्यांना पटवावे लागेल.

ज्यांनी सेवेत असताना पुन्हा करार केला आणि नंतर शेरा बिघडला, त्यांनी डीडी-214 चा 18 वा रकाना बघावा. आधीचा काळ ऑनरेबल असल्याची ओळ तिथे असेल तर त्या काळावर हक्क मिळू शकतो.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. जीआय बिल 36 महिन्यांचे, डॉक्टरेट पाच-सहा वर्षांची. खासगी संस्थेसाठी वर्षाला 30,000 डॉलरच्या आसपास मर्यादा आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता आधी तपासा, त्याशिवाय व्हीएच्या रुग्णालयात नोकरी मिळणे कठीण.

विद्यापीठाने मागितलेली अनामत अजून भरू नका, कर्जावर सही करू नका. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, हे त्यांना आजच लेखी विचारा. अर्जासाठी माजी सैनिकांच्या संघटना आणि विधी महाविद्यालयांची मदत केंद्रे फी घेत नाहीत. तिकडे जाताना मोठी प्रत न्या.