अकरावीचे रसायनशास्त्र : पुस्तके किती आणि कोणती?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झाली असून अकरावीला विज्ञान शाखा घेणार आहे. पुढे सीईटी द्यायची आहे, नीटचाही विचार आहे. एका क्लासने केवळ रसायनशास्त्रासाठी पाच पुस्तकांची यादी दिली आहे. ती सगळी घ्यावीत का? कॉलेज सुरू होईपर्यंत तिने काय वाचावे?
– एक पालक, कराड

उत्तर : सगळी घेऊ नयेत. सुट्टीत वाचण्याचे पुस्तक बहुधा तुमच्या घरातच असेल, रद्दीत गेले नसेल तर. नववीच्या विज्ञानातील ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात मोलची (पदार्थातील कणांची ठरावीक संख्या दाखवणाऱ्या एककाची) संकल्पना आहे आणि अकरावीचे पहिलेच प्रकरण तिच्यावर उभे आहे. दहावीत या संकल्पनेला फारसे काम नसल्याने बहुतेक मुले नेमकी तीच विसरून येतात. त्यासोबत दहावीतील आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया आणि कार्बनी संयुगे ही प्रकरणे पुन्हा वाचावीत. मराठी माध्यमाच्या या पुस्तकांत संज्ञांपुढे कंसात इंग्रजी शब्द दिलेले असतात. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, क्षपण म्हणजे रिडक्शन, अशी वही मुलीने स्वतःच्या हाताने तयार केली, तर वर्गात निम्मा वेळ शब्दांशी झटापट करण्यात जाणार नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर बालभारतीचे अकरावीचे पाठ्यपुस्तक हेच मुख्य पुस्तक ठेवावे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ते मोफत उतरवून घेता येते. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घ्यायचे असल्यास २०१९ पूर्वीची आवृत्ती घेऊ नये, कारण त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. सीईटीच्या रसायनशास्त्राच्या ५० प्रश्नांपैकी सुमारे २० टक्के, म्हणजे दहाएक प्रश्न अकरावीवर असतात, उरलेले बारावीवर. नीटचा निर्णय पक्का झाला, तर एनसीईआरटीचे पुस्तक मात्र हवेच. दोन्ही पुस्तकांतील प्रकरणे जशीच्या तशी जुळत नाहीत. उदाहरणार्थ, किरणोत्सारितेवरील प्रकरण बालभारतीत आहे, एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात नाही. म्हणून आधी नीटचा अधिकृत अभ्यासक्रम समोर ठेवून प्रकरणांवर खुणा कराव्यात.

तिसरे पुस्तक रसायनशास्त्रातल्या गणितांचे. ते निवडताना जाडी पाहू नये. दुकानात उभ्या उभ्या ‘लिमिटिंग रिएजंट’चे, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाचे, एखादे सोडवलेले उदाहरण उघडून पाहावे. समजा ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून किती पाणी तयार होईल, असा प्रश्न आहे. चांगले पुस्तक आधी ग्रॅमचे मोल करते : हायड्रोजन २ मोल, ऑक्सिजन अर्धा मोल. अर्ध्या मोल ऑक्सिजनला १ मोल हायड्रोजन पुरतो, म्हणून ऑक्सिजन आधी संपतो, १८ ग्रॅम पाणी तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहतो. प्रत्येक पायरीवर एकक लिहिलेले असेल आणि ऑक्सिजनच का संपला हे सांगितलेले असेल, तर पुस्तक घ्यावे. थेट सूत्र आणि खाली उत्तर एवढेच छापलेले असेल, तर ते पुस्तक परत फळीवर ठेवावे.

यादीत बहुपर्यायी प्रश्नांचा जाडजूड संच असणारच. तो पहिली घटक चाचणी होईपर्यंत आणू नये. प्रकरण न वाचता पर्याय ओळखण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ लागतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, पण नीटमध्ये प्रत्येक चुकीमागे १ गुण जातो आणि तिथे ही सवय महागात पडते.