कुत्र्याच्या जागी झुडूप

"मॅडम, प्रदर्शनात चित्र लागलं त्या दिवसापासून पोरीनं ब्रश हातात घेतलेला नाही. आम्ही कौतुकात कुठे कमी पडलो का?"

एका आईचा व्हॉट्सॲपवर आलेला हा निरोप. मी मुलांची समुपदेशक, त्यामुळे याच अर्थाचे फोन मला दरवर्षी येतात. कधी उलटी तक्रार असते, चित्र निवडलंच नाही म्हणून मूल रुसलंय. ते त्या मानानं सोपं, कारण रुसण्याचं कारण सगळ्यांना माहीत असतं. भरपूर कौतुक झाल्यावर जे मूल गप्प होतं, त्याचं घरच्यांना काही उमगत नाही. खरं सांगायचं तर मलाही लगेच उमगलं नव्हतं.

सई (नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत) तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत. घर पुण्यात सिंहगड रस्त्याला, आईबाबा दोघंही नोकरीवाले, घरात आजी. चित्रकलेच्या क्लासला जाऊन चार वर्षं झालेली. पुढचा बेतही ठरलेला: आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा, म्हणजे दहावीला वाढीव गुण. ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. हा हिशेब इथल्या पालकांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. फक्त त्यापायी परीक्षेत आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रातला बसस्टॉप आणि भाजीबाजार मुलं पाढ्यासारखा पाठ करतात, त्याची गंमत वाटते. स्मरण कसलं, तर क्लासमध्ये गिरवलेल्या चित्राचं!

प्रदर्शन बालगंधर्वच्या कलादालनात होतं. क्लासमधल्या प्रत्येक मुलाचं एक चित्र, फ्रेम केलेलं, खाली नाव आणि वय. सईनं नदीकाठचा घाट काढला होता. मामा-मामी चिंचवडहून आले, आत्या मुद्दाम नाशिकहून आली, आजीला रिक्षानं नेलं. चित्राशेजारी उभं करून फोटो काढले. पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब तर सगळ्यांनीच वाखाणलं. चित्र घरी आलं, सोफ्याच्या वर लागलं आणि रंगपेटी मिटली ती मिटलीच.

पहिल्या भेटीत मी घाई केली. मला वाटलं, कौतुकाचं ओझं झालंय, पुढचं चित्र इतकं चांगलं नाही जमलं तर काय, ही धास्ती असणार. आईला म्हटलं, "'किती सुंदर' असं नका म्हणू, 'किती मेहनत घेतलीस' म्हणा." पुस्तकी उत्तर. आईनं घरी जाऊन अगदी तस्संच म्हटलं. सई जेवणावरून उठून आत गेली.

दुसऱ्या भेटीत सईला एकटीलाच बोलावलं. चित्राचा फोटो आईच्या मोबाइलवर होताच. तो तिच्या हातात दिला आणि विचारलं, "यातलं तुझं काय काय आहे, दाखवशील?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ह्या पायऱ्या माझ्या. म्हणजे खालच्या चार. वरच्या सरांनी सरळ केल्या." बोट सरकलं. "देऊळ मी काढलं, रंग सरांनी दिला. पाणी सरांचं. हे प्रतिबिंब पण सरांचंच. ही बाई माझी, पण तिचा हात सरांचा."

फोटो डाव्या कोपऱ्यात नेऊन ती थांबली. तिथे हिरवंगार झुडूप होतं, चांगलं जमलेलं.

"इथे कुत्रा होता. आमच्या सोसायटीतला, मोती. सर म्हणाले, पाय चुकलेत, घोड्यासारखा दिसतोय. मग त्यांनी त्याचं झुडूप केलं."

मी काहीच बोलले नाही. मिनिटभरानं तिनंच मोबाइल पालथा ठेवला. "आत्या म्हणाली, पाणी किती छान काढलंयस. आणि मी थँक्यू म्हणाले."

त्या थँक्यूपाशी सगळं अडलेलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला चोरी पकडली जाण्याची भीती वाटत होती, आणि चोरी तर तिनं केलेलीच नव्हती. खरं सांगावं तर आत्याचा, आजीचा, सरांचा हिरमोड होणार. नवीन चित्र काढावं तर प्रतिबिंब तसं येणार नाही आणि सगळं उघड होणार. ब्रशला हातच न लावणं हाच तिला सापडलेला मार्ग. आणि आम्ही तिला मेहनतीबद्दल शाबासकी देत होतो!

यात वयाचाही भाग आहे. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रकलेचे टप्पे मांडले. नऊ-दहा वर्षांनंतर मुलांना चित्र 'खऱ्यासारखं' हवं असतं, आणि बारा-तेराच्या सुमारास स्वतःच्या चित्राकडे ती फार कडक नजरेनं बघू लागतात. डोळा पुढे जातो, हात मागे राहतो. तोपर्यंत बिनधास्त रेघोट्या ओढणारं मूल "मला चित्र येत नाही" म्हणू लागतं ते याच सुमारास. नेमक्या त्या वयात सर हातातून ब्रश घेतात आणि हाताची उणीव सर्वांदेखत भरून काढतात. मुलाला त्यातून एकच निरोप पोचतो: तुझं जसं आहे तसं भिंतीवर लावण्याजोगं नाही.

सईच्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले आणि तडक क्लासवर गेले. मी नको म्हणत होते. पण त्यांनी परत येऊन सांगितलं त्याचा मला उपयोग झाला. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, कच्चं चित्र लावलं तर पालकच विचारतात, चार वर्षांत एवढंच शिकवलंत का? फायनल टच मी माझ्यासाठी देत नाही." बाबा म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी शेजारच्या मुलाचं चित्र बघून मीच असं म्हटलं होतं." त्यामुळे सरांना खलनायक करायला मी तयार नाही. फ्रेमचा खर्च पालक देतात, पाव्हणे पालक आणतात आणि भिंतीवर काय दिसावं तेही पालकांच्याच नजरेनं ठरतं. मुलांच्या नावानं भरलेलं प्रदर्शन बरेचदा मोठ्यांचंच असतं.

तर सईचं पुढे काय करायचं? तिला पुन्हा चित्र काढायला लावणं हे आमचं काम नाही, हे मी आईबाबांना आधी सांगितलं. काम एवढंच होतं की दाखवायची सक्ती नसलेली एखादी जागा तिला मिळावी. घरी सोफ्याच्या वर तो घाट होता, क्लासमध्ये सर होते. म्हणून मी केळकर संग्रहालय सुचवलं. बाबा म्हणाले, "तिसरीत सहलीला नेलं होतं की." सहलीत पुढच्या मुलाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, त्यातल्या मांडलेल्या साधारण अडीच हजार. बहुतेक रोजच्या वापरातल्या: दिवे, कुलपं, अडकित्ते, पानाचे डबे, वाद्यं. मला हेच हवं होतं. भव्य तैलचित्रापुढे मूल दबतं, अडकित्त्यापुढे दबत नाही. मी अटी घातल्या. एकच दालन, तीनच वस्तू, पाऊण तास. संग्रहालयात माणूस थकतो आणि थकला की बघणं संपतं, याबद्दल बेंजामिन गिलमन नावाच्या संग्रहालयतज्ज्ञानं १९१६ मध्येच लिहून ठेवलंय. वही आणि पेन्सिल सोबत असू दे, रंग नकोत, आणि आत चित्र काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं. 'छान' हा शब्द बंद. त्याऐवजी तीन प्रश्न: इथे काय चाललंय? कशावरून म्हणतेस? अजून काय दिसतंय?

हे प्रश्न माझे नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी ही पद्धत बसवली. तिथे चित्रासमोर गट बसवून विचारतात, मी ते अडकित्त्यांच्या कपाटासमोर आणलं. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही, हा यातला मोठा फायदा. आणि मूल जे बोलेल त्याला ते समोरच्या वस्तूतच पुरावा शोधतं, मोठ्यांच्या चेहऱ्यावर शोधत नाही.

पहिला रविवार वाया गेला. बाबा पाट्या मोठ्यानं वाचत राहिले आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकत राहिले. सईनं वही उघडलीसुद्धा नाही. बाहेर पडताना तिनं एवढंच विचारलं, "राजा म्हणजे कुठला राजा?" बाबांना वाटत होतं, संस्थानिक असतील. तिथेच विचारल्यावर कळलं की राजा हे केळकरांच्या मुलाचं नाव, तो लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी बापानं गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तूंना त्याचं नाव दिलं. रिक्षात बसल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते म्हणे.

दुसऱ्या खेपेला मोबाइल आईच्या पर्समध्ये ठेवला. त्या दिवशी सई वज्रींपाशी थांबली. वज्री म्हणजे पायाच्या टाचा घासायची धातूची वस्तू, खाली खरखरीत आणि वर धरायला नक्षी, कुठे पक्षी, कुठे घुंगरू. आजची मुलं ती ओळखत नाहीत.

"काय चाललंय इथे?" आईनं विचारलं.

"पक्षी बसलाय."

"कशावरून?"

"पाय दुमडलेत. नाही, पाय नाहीतच. पाय काढलेच नाहीयेत!" सई काचेला नाक लावून बघत होती. "ज्यानं केलं त्यालापण पाय जमत नसणार."

आणि ती जमिनीवर मांडी घालून बसली. पाऊण तासाची अट त्या दिवशी मोडली, पण मी रागावले नाही.

"बक्षीस लावलं तर सुरू करेल का?" हे मला प्रत्येक पालक विचारतो, सईच्या आईनंही विचारलं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या, मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर ज्यांना प्रशस्तिपत्र आधी कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या निम्म्याच वेळ चित्राला बसली. आवडीनं होणाऱ्या कामाला मोल लावलं की ते मोलाचं काम होतं. अचानक मिळालेल्या बक्षिसानं तसं झालं नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे आजीनं चित्र बघून हातावर खाऊ ठेवला तर बिघडत नाही.

क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या प्रदर्शनाआधी सरांना सरळ विचारा, चित्रावर तुमचा हात किती असेल? दाखवायचं असेल तर वेगळ्या कागदावर दाखवाल का? कोणतं चित्र लावायचं हे मुलाला ठरवू द्या. एकही लावायचं नाही असं ते म्हणालं, तर तेही चालू द्या. मामा-मामींना पुढच्या वर्षी बोलवता येईल. वही मुलाची आहे, विचारल्याशिवाय उघडू नका. चित्र थांबलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. मात्र दोन आठवडे उलटूनही झोप, जेवण, मैत्रिणी, शाळा यांतही बदल दिसत असेल, तर तो प्रश्न चित्राचा राहिलेला नसतो. मग थांबू नका, कुणाला तरी भेटा.

घाटाचं चित्र सईनं स्वतःच भिंतीवरून उतरवायला सांगितलं. ते आता कपाटामागे आहे. आत्याला खरं सांगायचं तिनं ठरवलं आणि फोनवर सांगून टाकलं. आत्या हसली आणि म्हणाली, "अगं, मला तर त्या बाईच्या पदराचाच रंग आवडला होता." पदर सईचाच होता. हे आत्याला आधीच माहीत होतं, की ते तिला आयत्या वेळी सुचलं, हे मी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात आईचा पुन्हा निरोप आला. "रोज काहीतरी काढते, पण वही दाखवत नाही. विचारलं तर 'अजून झालं नाही' म्हणते. काळजी करू का?"

मी लिहिलं, "नको. पेन्सिली संपल्या असतील तर आणून द्या."